व्हॅक्यूम क्लिनरची ओढ गेली? मोटर बदलण्याआधी हवेची वाट तपासा

गणपतीची चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांत माळ्यावरचं, कपाटामागचं, पलंगाखालचं सगळं बाहेर निघतं. पावसात कोपऱ्यात पडून असलेला व्हॅक्यूम क्लिनरही तेव्हाच निघतो आणि नेमका तेव्हाच दगा देतो. ओढ नाही, दहा मिनिटांत बंद, नाहीतर कळ दाबली तरी ढिम्म. दुरुस्तीवाल्याकडे त्या आठवड्यात पंख्यांचा आणि मिक्सरांचा ढीग साचलेला असतो. तो घाईत सांगतो, मोटर गेली असणार, ठेवून जा.

मोटर गेलेली असण्याची शक्यता खरं तर सगळ्यांत कमी असते. बहुतेक वेळा हवेची वाट कुठेतरी अडलेली असते, आणि ती वाट घरच्या घरी, विजेला हात न लावता तपासता येते. आपल्याकडे त्यात ओलीची भर पडते. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, तांबडी धूळ मुळातच बारीक. तिला दमट हवा लागली की फिल्टरवर तिचा लेप बसतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेतल्या सूचना गोव्यात जशाच्या तशा चालत नाहीत. पुस्तिकेतलं ‘२४ तास वाळवा’ हे वाक्य जुलै महिन्यात फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या घरात खरं ठरत नाही.

हवा कुठून कुठे जाते

व्हॅक्यूम धूळ ओढतो असं आपण म्हणतो, पण तो ओढतो हवा. धूळ हवेबरोबर येते. हवा आधी पुढच्या ब्रशातून आत शिरते, मग दांडी, मग लवचीक पाइप, मग यंत्राचं तोंड. तिथून ती पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात जाते, धूळ तिथे राहते. पुढे मोटरआधीचा फिल्टर, मग मोटरला जोडलेला पंखा, शेवटी मागचा फिल्टर आणि बाहेर पडायची जाळी. एवढीच वाट.

साध्या, फक्त कोरड्या व्हॅक्यूममध्ये हीच हवा मोटरवरून जाते आणि मोटरला थंड ठेवते. पिशवी भरली किंवा फिल्टर तुंबला की ओढ कमी होते आणि त्याच वेळी मोटरही तापायला लागते. ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या यंत्रात मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून ती यंत्रं तुंबलेल्या अवस्थेत जरा जास्त वेळ तग धरतात. आपल्याकडे यातलं कोणतं आहे ते आधी पाहून ठेवा, पुढे त्याचं काम पडेल.

हात लावण्याआधी

नुसती कळ बंद करून थांबू नका, प्लग सॉकेटमधून काढा. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये कळ फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेली सापडते. तिथे कळ बंद असली तरी यंत्रात वीज येतच असते. हात कोरडे, पायात चप्पल, फरशी कोरडी. यंत्र नुकतंच चाललेलं असेल तर थोडा वेळ निवू द्या. काम बाल्कांवात किंवा पडवीत जुन्या वर्तमानपत्रावर करा आणि नाकाला रुमाल बांधा. टॉर्च, कात्री, जुना टूथब्रश, रंगकामाचा कोरडा ब्रश आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्या सामानात नव्वद टक्के काम होतं.

तळहाताची परीक्षा

कुठलाही भाग उघडण्याआधी ही परीक्षा करा. पाइप यंत्रापासून सोडवा, प्लग लावून यंत्र सुरू करा आणि पाइप जिथे बसतो त्या तोंडावर तळहात सपाट ठेवा. लक्ष दोन गोष्टींकडे द्यायचं: हात किती ओढला जातो आणि आवाज कसा बदलतो.

हात जोरात ओढला गेला आणि आवाजाची पट्टी चढली, तर यंत्र ठणठणीत आहे. दोष पाइपात, दांडीत किंवा ब्रशात.

ओढ कमी आणि आवाज हात ठेवण्याआधीच चढलेला, किरकिरा, तर अडथळा यंत्राच्या आत आहे. पिशवी, पुढचा फिल्टर किंवा मागचा फिल्टर. आवाज चढला म्हणजे मोटर जास्त जोर लावतेय असा समज असतो. घडतं उलटं. पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, त्याच्यावरचा भार उतरतो आणि मोटर मोकाट फिरते. थंड करणारी हवा मात्र मिळत नसते, म्हणून त्या आवाजात यंत्र चालू ठेवणं मोटरच्या जिवावर उठतं.

ओढ कमी, आवाज नेहमीचाच आणि हात ठेवल्यावरही तो बदलत नाही, तर हवा भलत्या फटीतून आत येतेय. झाकण नीट बसलेलं नसेल किंवा रबराची कड गेली असेल.

ओढ कमी आणि आवाजही नेहमीपेक्षा खाली, दमलेला, तर दोष विजेचा आहे: व्होल्टेज कमी, एक्स्टेंशनची वायर बारीक किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) झिजलेले.

या चारांपैकी आपला प्रकार कोणता ते ठरलं की निम्मं काम झालं. आता त्या त्या ठिकाणी जा.

पाइप, दांडी, ब्रश

प्लग काढा. दांडी एका टोकाने उजेडाकडे धरून आरपार पाहा. पलीकडचा गोल पूर्ण दिसला पाहिजे. लवचीक पाइप आरपार दिसत नाही, म्हणून एक मोठी गोटी किंवा छोटा चेंडू एका टोकातून सोडा आणि पाइप हळूहळू उंच धरत न्या. दुसऱ्या टोकातून तो बाहेर पडला तर पाइप मोकळा. अडकला तर कुठे अडकला ते पाइप दाबून कळतं.

गोव्यातल्या घरात अडथळा बहुधा कशाचा निघतो ते सांगतो. माडाच्या हिरांची केरसुणी घरात असते. तिचा एखादा तुटलेला हीर ब्रशातून आत जातो आणि पाइप यंत्राला जिथे वळणाने जोडलेला असतो तिथे आडवा बसतो. एकट्या हिराने काही बिघडत नाही. पण त्याला आधी केस अडकतात, मग दोरे, मग गाद्यांचा कापूस, मग अबोलीच्या वेणीतली वाळलेली फुलं, आणि महिन्याभरात तिथे घट्ट बोळा होतो. हा बोळा उलट बाजूने काढायचा, म्हणजे हवा ज्या बाजूला जाते तिच्या विरुद्ध. आत ढकलला तर तो पुढच्या वळणात अधिक घट्ट बसतो. लोखंडी तार किंवा सळी घालू नका, पाइपच्या आतल्या पातळ घड्या फाटतात. पडद्याची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग टोकाला छोटा आकडा करून वापरली तर काम छान होतं.

बरेच महिने न वापरलेल्या पाइपात आणखी एक पाहुणी सापडते: कुंभारीण माशी. ती मातीचं घरटं पाइपाच्या तोंडाशी किंवा यंत्राच्या मागच्या जाळीत बांधते. ते वाळलेलं ढेकूळ कोरडंच फोडून काढा. पाणी घातलं तर चिखल आत जाईल.

पाइपाला चीर असेल तर पाइप ताणून, वाकवून पाहा; सरळ धरल्यावर ती दिसत नाही. टोकाजवळ चीर असेल तर तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा टोपणात फिरवून बसवता येतो. मध्ये असेल तर चिकटपट्टी चार दिवस चालते, दमट हवेत तिचा गोंद सुटतो. पाइपच बदला.

ब्रशामध्ये फिरणारा रोलर असेल तर तो काढून त्याच्यावर गुंडाळलेले केस कात्रीने लांबीच्या दिशेने कापा. दोन्ही टोकांची टोपणं काढून बेअरिंगजवळचे केसही काढा. खरा त्रास तिथेच असतो आणि तिथे कुणी पाहत नाही. रोलर बोटाने सहज फिरला पाहिजे. बेल्टवर चालणारा रोलर असेल आणि बेल्ट सैल, चकचकीत किंवा तडकलेला दिसला तर नवा घाला. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्यालगतच्या घरांत या बेअरिंगमध्ये रेती जाते. तिथे रोलर महिन्यातून एकदा तरी उघडावाच.

पिशवी आणि फिल्टर

कागदी पिशवी असेल तर ती पूर्ण भरायची वाट पाहू नका. दोन तृतीयांश झाली की बदला. बारीक तांबडी धूळ असेल तर त्याही आधी, कारण पिशवी रिकामी दिसते पण तिच्या कागदाची छिद्रं बुजलेली असतात. खाणपट्ट्याजवळच्या घरांना हे हमखास लागू पडतं. कागदी पिशवी झटकून पुन्हा वापरू नका. झटकताना कागद विरतो आणि धूळ थेट मोटरमध्ये जाते. कापडी पिशवी उलटी करून झटकता येते.

फिल्टर काढून पाहा. चवथीच्या साफसफाईनंतरचा फिल्टर दिसतो कसा? घड्यांच्या टोकांवर विटकरी रंग, घड्यांच्या आत त्याच रंगाचा साका, आणि नखाने खरवडलं तर पूड न पडता पापुद्रा सुटतो. पापुद्रा सुटला म्हणजे धुळीला ओल लागली आहे. अशा फिल्टरमधून हवा जात नाही, तो कितीही झटकला तरी.

आधी तो कोरडाच साफ करा. घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर चौकट हलकेच आपटा. मग रंगाच्या ब्रशाने घड्यांच्या दिशेने झाडा. फिल्टर कागदाचा असेल तर इथेच थांबायचं. कागदाला पाणी चालत नाही. फोम, कृत्रिम कापड किंवा ज्याच्या चौकटीवर धुता येतो अशी खूण आहे तो हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर, एवढेच धुवायचे. नळाची धार बारीक ठेवून पाणी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाईल. साबण, गरम पाणी, घड्यांवर ब्रश घासणं, वॉशिंग मशीन, काहीही नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धरा आणि झटकून निथळा.

पुढचा भाग गोव्यात सगळ्यांत महत्त्वाचा: वाळवणं. ओला फिल्टर घालून यंत्र चालवलं तर त्याच्यावर येणाऱ्या धुळीचा चिखल होतो आणि ती ओल मोटरपर्यंत जाते. बेअरिंगला गंज चढतो, वायंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांत, करंट झिरपायला लागतो. उन्हाळ्यात सावलीत वाऱ्याला एक पूर्ण दिवस पुरतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवावा लागतो, तोही टेबलावर आडवा न ठेवता दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा किंवा टांगून. घरात एसी असेल तर त्याचा ड्राय मोड लावून त्या खोलीत ठेवणं उत्तम. गॅसवर, निखाऱ्यावर किंवा हेअर ड्रायरच्या झोतात ठेवू नका. गोंद सुटतो आणि घड्या वाकड्या होतात.

हाताला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नाही. त्यासाठी एक युक्ती आहे. फिल्टर नवा आणि कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करा आणि चौकटीवर मार्करने लिहून ठेवा. धुतल्यावर वजन पुन्हा त्या आकड्याजवळ आलं की तो वाळला. फोमसाठी टिश्यू पेपर दाबून पाहिला तरी चालतो.

माझं मत विचाराल तर फिल्टरचे दोन संच ठेवा. मेमध्ये दोन्ही धुऊन कडक वाळवा आणि जून ते सप्टेंबर फक्त कोरडे झटका. पावसाळ्यात फिल्टर धुण्याचा मोह टाळला तर यंत्राचं आयुष्य नक्की वाढतं.

मागचा फिल्टर विसरू नका. तो यंत्राच्या मागच्या जाळीआड असतो आणि कित्येक घरांत तो खरेदीपासून एकदाही उघडलेला नसतो. पुढचा सगळा साफ करूनही आवाज चढलेलाच राहिला तर दोष इथे आहे.

फट शोधणं

तळहाताने आवाज बदलत नसेल तर डबा आणि झाकण यांच्यामधली रबराची कड पाहा. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, तिच्या खाचेत पुन्हा बसवा. कडक झाली किंवा तडकली असेल तर नवी आणा. यंत्र चालू असताना टिश्यूची पातळ पट्टी कडेने फिरवली तर फटीजवळ ती आत ओढली जाते. काही यंत्रांच्या मुठीवर ओढ कमी करायची सरकपट्टी असते. पडदे साफ करताना ती उघडली जाते आणि तशीच राहते. दुकानात नेण्याआधी ती बंद आहे ना ते पाहा.

दहा मिनिटांत बंद पडतो, अर्ध्या तासाने पुन्हा चालतो

हा मोटरमधल्या थर्मल कटआऊटचा गुण आहे, दोष नव्हे. मोटर ठरावीक तापमानाच्या वर गेली की तो वीज तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. प्लग काढा, पिशवी-फिल्टर उघडे ठेवा आणि तासभर थांबा. मग पूर्ण वाट वर सांगितल्याप्रमाणे तपासा. वाट मोकळी असूनही तो पुन्हा बंद पडला तर बेअरिंग जड झालं आहे किंवा कार्बन खराब आहेत, आणि तिथे दुरुस्तीवाला हवा. कटआऊट काढून थेट वायर जोडून देतो असं कुणी म्हणालं तर यंत्र उचलून परत आणा. पुढच्या वेळी मोटर तापली की तिला थांबवणारं काही उरणार नाही.

सुरूच होत नाही

त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून पाहा. चालला तर सॉकेट ठीक. मग व्हॅक्यूम दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावा. डबा नीट बसला नसेल किंवा पिशवी घातलेलीच नसेल तर काही यंत्रं मुद्दाम सुरू होत नाहीत, तेही पाहा.

आता वायर. प्लगजवळ आणि यंत्रात शिरते तिथे ती सगळ्यांत जास्त वाकते आणि आतली तार तुटते ती तिथेच. वायर हलवली की क्षणभर चालतो आणि बंद होतो अशी लक्षणं दिसली तर वायर बदलायची, जोड देऊन पट्टी गुंडाळायची नाही. वायर आपोआप गुंडाळून घेणाऱ्या यंत्रात पिवळ्या खुणेपर्यंत ओढायची आणि लाल खुणेच्या पुढे कधीच नाही. वायर परत आत जात नसेल तर पूर्ण बाहेर काढून ओलसर फडक्याने पुसा, कोरडी करा आणि हाताने धरून सावकाश आत सोडा. तिच्यावर बसलेला चिकट मळ हेच बहुतेक वेळा कारण असतं. स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका, ती स्प्रिंग उसळून हात कापते.

मल्टीमीटर वापरता येत असेल तर प्लग सॉकेटबाहेर असताना अर्थिंगची मोठी पिन असल्यास ती सोडून प्लगच्या उरलेल्या दोन पिनांवर ओहम मोजा, यंत्राची कळ चालू स्थितीत ठेवून. काही ओहम ते काही दशक ओहम आले तर वायर, कळ आणि मोटर यांतून वाट सलग आहे. काहीच आलं नाही तर कुठेतरी तुटलं आहे. वेग कमी-जास्त करायची कळ असलेल्या यंत्रात मात्र मधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमुळे असं रीडिंग मिळेलच असं नाही.

सॉकेटबद्दलही बोलायला हवं. १४०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर घेतं. म्हणजे लहान ६ अँपिअरचं सॉकेट मर्यादेवरच चालतं, आणि जुनं, सैल सॉकेट तापून काळं पडतं. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. एक्स्टेंशन हवंच असेल तर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन तारांचं घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा; गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते. पावसात वीज जाते तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर व्हॅक्यूम लावू नका, दिवे-पंख्यांसाठीचा इन्व्हर्टर तो भार झेलत नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा भागात यंत्र सकाळी चालवून पाहा. दमलेला आवाज सकाळी गेला तर दोष यंत्रात नाही.

ठिणग्या, आवाज, वास

मोटरमधले कार्बन ही झिजणारी वस्तू आहे. मागच्या जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं. मोठ्या, पिवळट, गोल फिरणाऱ्या ठिणग्या, आवाजात खंड, मध्येच ताकद जाणं ही कार्बन संपल्याची चिन्हं. पाव लांबी उरली की बदलायचे आणि दोन्ही एकदमच. माप तेच हवं. घासून बारीक केलेला दुसऱ्या यंत्राचा कार्बन नको. नवे घातल्यावर सुरुवातीला थोड्या ठिणग्या येतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं ब्रश न लावता, मोकळ्या तोंडाने आणि कमी वेगावर चालवा. ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे. ‘मोटर गेली’ ऐकलं की आधी कार्बन पाहिले का, एवढं विचाराच.

खडखडाट म्हणजे दांडीत खडा. सलग कर्कश किंचाळी, जी बंद केल्यावरही हळूहळू उतरत जाते, ती बेअरिंगची. लयीत धपधप म्हणजे रोलरमध्ये काहीतरी अडकलं आहे.

रबर जळाल्याचा वास आला तर बेल्ट पाहा. कुबट वास पिशवीतल्या ओल्या कचऱ्याचा, पिशवी फेका आणि डबा धुऊन वाळवा. वार्निश जळाल्यासारखा तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास मात्र वायंडिंगचा असतो. तिथे यंत्र लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका.

हाताला मुंग्या आल्या तर

उत्तरेच्या कोरड्या थंडीत व्हॅक्यूमच्या पाइपला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो, आणि माहितीपुस्तिका त्याला निरुपद्रवी म्हणते. स्थिर वीज साचायला कोरडी हवा लागते. पावसाळ्यातल्या गोव्यात हाताला मुंग्या आल्या तर तो करंट झिरपतोय असंच धरून चला. प्लग काढा आणि यंत्र वापरणं थांबवा. यंत्राच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंगची पिन नसते. खूण नसेल तर तिसरी पिन आणि घराचं अर्थिंग दोन्ही शाबूत हवेत.

प्लग लावताच मेनबोर्डवरचा आरसीसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारी कळ) पडत असेल तर हीच गळती. एमसीबी (फ्यूजच्या जागी असलेली कळ) पडत असेल तर शॉर्ट किंवा जास्त भार. या दोन्हींतला फरक इलेक्ट्रिशियनला सांगितलात तर त्याचा वेळ वाचतो. ओलीमुळे झालेली गळती कधी कधी यंत्र कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवल्यावर थांबते, तरी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून तपासल्याशिवाय वापरायला घेऊ नका. घरात लहान मुलं अनवाणी फिरतात.

ओलं-कोरडं ओढणारं यंत्र

पाणी ओढताना आवाज एकदम चढला आणि ओढ थांबली तर घाबरू नका. टाकी भरली की आतलं तरंगणारं झाकण वर येऊन हवेची वाट बंद करतं. यंत्र बंद करून टाकी रिकामी करा. टाकी रिकामी असूनही असंच होत असेल तर झाकण पिंजऱ्यात चिकटलं आहे, धुऊन मोकळं करा. साबणाचा फेसही झाकण फसवतो आणि मोटरपर्यंत पोचतो, म्हणून फेसाळ पाणी ओढू नका. पाण्यासाठी कागदी पिशवी आणि कागदी फिल्टर काढून फोमचा लावा. कोरड्या कामाला उलट बदल. गळक्या नळ्यांखालचं पाणी ओढून झालं की टाकी उघडी ठेवून वाळवा आणि यंत्र रिकामं पाच मिनिटं चालवा. साध्या कोरड्या यंत्राने पाण्याचा थेंबही ओढायचा नाही.

बॅटरीचे आणि रोबो

बॅटरीवरचं यंत्र झटके देत, थांबत-सुरू होत चाललं तर बॅटरीला दोष देण्याआधी फिल्टर पाहा. अडथळा आला की बरीच यंत्रं अशी वागतात. चार्ज होत नसेल तर चार्जिंगचे पितळी टोक मऊ कोरड्या फडक्याने पुसा. समुद्राजवळ त्यावर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. महिनोनमहिने ठेवायचं असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. फुगलेली बॅटरी चार्जला लावू नका, ती सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात वेगळी द्या.

रोबो काळ्या किंवा गडद फरशीवर अडून बसत असेल तर त्याचे खालचे सेन्सर तिला पायरीची कड समजतात. सेन्सर पुसा, फरक पडला नाही तर तो त्या फरशीपुरता स्वभाव समजा.

काय ओढू नये

रांगोळी. ती दगडाची पूड आहे, फिल्टर क्षणात बुजवते. आधी केरसुणीने गोळा करा. चुना, सिमेंट, भिंत घासल्याची पूड. उदबत्तीची राख गरम असेल तर पिशवी पेटू शकते, थंड असली तरी बारीक असते. भिंतीवरची बुरशी साध्या व्हॅक्यूमने ओढली तर तिचे बीजाणू मागच्या जाळीतून घरभर पसरतात. ती ओल्या फडक्याने पुसावी. वाळवीने पाडलेली लाकडाची पूड मात्र खुशाल ओढा आणि पिशवी त्याच दिवशी रिकामी करा.

पावसाळ्यात ठेवणं

मेअखेरीस पिशवी काढून टाका, डबा धुऊन वाळवा, फिल्टर कोरडे झाल्याची खात्री करा. पाइप गुंडाळून पिशवीत कोंबू नका, खुंटीला टांगा आणि दोन्ही टोकांना फडकं बांधा, म्हणजे कुंभारीण आत जाणार नाही. यंत्र जमिनीवर किंवा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाटात, वरच्या फळीवर, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं रिकामं चालवा. मोटरच्या उष्णतेने आतली ओल उडते आणि बेअरिंग मोकळं राहतं. ज्यांचे फ्लॅट वर्षातून दोन महिनेच उघडतात त्यांनी हे काम शेजाऱ्याला सांगून ठेवावं.

दुकानात नेताना

वाट मोकळी, वीज ठीक, तरीही चालत नाही, तेव्हा न्या. कागदावर लिहून द्या: तळहाताच्या परीक्षेत काय झालं, आवाज चढलेला की उतरलेला, किती मिनिटांनी बंद पडतो, ठिणग्या कशा, वास कसला, आरसीसीबी पडतो का. कार्बन बदलले तर जुने परत मागा. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, जळालं आहे असं सांगितलं तर ते डोळ्यांनी पाहा: काळपट वायंडिंग, तांब्याच्या पट्ट्यांवर जळल्याचे खड्डे. खरंच जळालं असेल आणि यंत्र जुनं असेल तर नव्या मोटरची किंमत विचारून नव्या यंत्राशी ताडून पाहा. निम्म्याच्या वर जात असेल तर नवं घेताना दोन गोष्टी दुकानातच पाहा: धुता येणारा फिल्टर सुटा मिळतो का, आणि कार्बन न तोडता काढता येतात का.